धाब्याच्या घरात पाहुणे ठेवायचे असतील तर

माझं सासर जळगाव जिल्ह्यातल्या रावेर तालुक्यात, सावद्याहून पालकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत. चार एकर केळी, दोन म्हशी आणि आजेसासऱ्यांनी बांधलेलं धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छताचं, घर. सहा वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या एका वादळात घड लागलेली बाग आडवी झाली. त्या रात्री मुलगा म्हणाला, "आई, हे जुनं घर पाडू, स्लॅब टाकू, दोन खोल्या भाड्यानं देऊ." घर पाडलं नाही. त्याच घराच्या दोन खोल्यांत आता पाहुणे उतरतात आणि केळीचा भाव पडला की घर त्यावर तगतं. आजूबाजूच्या गावांतल्या बाया आणि काही तरुण शेतकरी विचारायला येतात: कसं सुरू केलं, कागद कोणते लागतात, पैसे किती घालावे लागतात. दरवेळी काहीतरी सांगायचं राहून जातं, म्हणून एकदाच नीट लिहिते.

गिऱ्हाईक आधी ओळखा

आपल्याकडे पर्यटन म्हटलं की जो तो अजिंठ्याचं नाव घेतो. मीही तेच धरून बसले होते. जळगावहून अजिंठा ६० किलोमीटरच्या आसपास, जगभरातून लोक येतात, त्यातले थोडे आपल्याकडे वळतील असं वाटायचं. ते वळत नाहीत. अजिंठ्याचा पाहुणा जळगाव स्टेशनावर उतरतो, गाडी करतो, लेणी बघतो आणि पुढे वेरूळला निघून जातो. त्याच्या वेळापत्रकात आपल्यासाठी रात्र शिल्लक नसते. पहिला अख्खा हिवाळा मी त्याची वाट बघण्यात घालवला. चौकात पाटी लावली, पत्रकं छापली, एकही माणूस आला नाही.

पहिले पाहुणे आले ते एका लग्नामुळे. कल्याणला राहणारे निवृत्त मास्तर, त्यांची सून आणि दोन नातवंडं. मास्तरांचं मूळ गाव यावल तालुक्यात. भावांच्या वाटणीत घर विकलं गेलेलं, शेत आधीच गेलेलं. भुसावळला लग्नाला आले होते, नातवंडांना "आपलं गाव" दाखवायचं होतं आणि गावात उतरायला जागाच नव्हती. आमच्या ओसरीत शिरल्यावर त्यांनी आधी वर बघितलं. सागाच्या तुळया, त्यावर आडव्या कड्या, मधून डोकावणारी काडी. मग खांबाला हात लावून बराच वेळ उभे राहिले. रात्री धाब्यावर अंथरूण मागितलं. सकाळी जाताना म्हणाले, "ताई, माझं गाव आहे, पण गावात घर नाही. पुढच्या वर्षी परत येऊ का?"

त्या दिवशी माझं गिऱ्हाईक मला कळलं. खान्देशातून किती माणसं बाहेर गेली ते मोजा: सुरतला, कल्याण-डोंबिवलीला, पिंपरी-चिंचवडला, नाशिकला. त्यांच्या मुलांना भरीत माहीत आहे, पण पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, जाळ त्यांनी पाहिलेला नाही. आपली भाषा त्यांना कळते, बोलता येत नाही. या लोकांना तुमचं गाव समजावून सांगावं लागत नाही, गैरसोय झाली तर ते समजून घेतात आणि दरवर्षी येतात. आज माझ्याकडे येणाऱ्यांत निम्म्याहून जास्त हेच आहेत. त्यांच्यामागून त्यांचे शहरातले मित्र आले, मित्रांमागून शाळांच्या सहली.

म्हणून पाटी रंगवण्याआधी एक वही घ्या. तुमच्या भाऊबंदकीतले, गावातले, माहेरचे कोण कोण बाहेरगावी आहेत आणि त्यांतल्या कोणाचं गावात घर उरलेलं नाही, ते लिहा. माझ्या वहीत एका बैठकीत ५३ घरं निघाली. जाहिरातीचा पहिला फोन त्यांनाच करायचा.

खोल्या नंतर, जेवण आधी

बँकेत जाण्याआधी एक हिवाळा फक्त जेवण द्या. एक दिवस, एक जेवण, मुक्काम नाही. यात पैसा अडकत नाही आणि आपल्याला हे जमतं का, घरच्यांना आवडतं का, ते कळतं. सासूबाईंना सुरुवातीला पटलंच नव्हतं. "पाहुन्यायकडून पैशे घेता का कुठी?" असं म्हणून त्या दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मी त्यांना समजावत बसले नाही. भरिताची सगळी सूत्रं त्यांच्या हातात दिली, आणि येणाऱ्या बाया त्यांच्याजवळ बसून शिकायला लागल्या तशा त्या स्वतःच विचारू लागल्या, "ह्या इतवारी कोन येनार?"

भरीत पार्टी आपल्याकडे नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत चालते, ती आपल्या अंगवळणी पडलेली आहे. म्हणूनच ती विकताना घाई होते आणि बिघडते. वांगी आपली हिरवी, पांढरट रेघांची, बामणोदकडची मोठी भरताचीच घ्या. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, जळगावच्या केळीलाही आहे. हे पाहुण्यांना सांगा आणि काळी वांगी आणून ते सांगू नका. वांगी पाहुण्यांच्या देखत भाजा. कपाशीच्या पऱ्हाट्यांचा थर, त्यावर वांगी ओळीत, वर पुन्हा पऱ्हाट्या. जाळ भडकतो आणि पाच-सात मिनिटांत बसतो. तेवढ्यात लांब काठीनं वांगी उलटवावी लागतात. साल काळी पडून तडकते, देठाजवळून पाणी फुसफुसायला लागतं, तेव्हा झालं. गॅसवर भाजलेल्या वांग्याला हा धुराचा वास येत नाही. मग साल काढायला सगळ्यांना बसवा. हात पाण्यात बुडवत, देठ धरून वरून खाली साल ओढायची. शहरातली मुलं या कामात तासभर रमतात. भाजलेली मिरची आणि लसूण घालून लाकडी काठवटीत मुसळीनं ठेचायचं. फोडणीत शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. सोबत कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) पुऱ्या, केळीच्या पानावर.

एक काळजी घ्या. आपल्या चवीचं तिखट शहरातल्या मुलांना झेपत नाही. मी भरीत दोन भांड्यांत करते आणि कमी तिखटाचं आधी वाढते. शेवभाजीचंही तसंच.

जेवणाच्या हिवाळ्यात माझ्याकडे ११ गट आले. त्यातल्या सात गटांनी विचारलं, "मुक्कामाची सोय आहे का?" असं कोणी विचारायला लागलं की मगच खोल्यांचा विचार करा.

पहिला पैसा संडास-बाथरूममध्ये घाला

माझं हे म्हणणं बऱ्याच जणांना आवडत नाही. त्यांना कमान, झोपाळा, रंगीत भिंत आधी हवी असते. पण पाहुणी बाई घरात आली की दहा मिनिटांत संडास बघते आणि तिथेच ठरतं, पुन्हा येणार की नाही. दर खोलीला स्वतंत्र संडास-बाथरूम हवं. एकात तरी कमोड, कारण गावाच्या ओढीनं येणाऱ्यांत गुडघेदुखीचे म्हातारे भरपूर. धरायला भिंतीत दांडी. आतून लागणारी भक्कम कडी. टांगायला तीन-चार खुंट्या. कचऱ्याचा झाकणाचा डबा. दिवा बाहेरून लागणारा नको.

आमच्याकडचं पाणी जड आहे, गिझरमध्ये क्षार साचतात आणि लाइट गेली की गिझर निकामी. म्हणून मी अंगणात तांब्याचा बंब ठेवलाय. पहाटे साडेपाचला पेटतो, आठपर्यंत सगळ्यांच्या आंघोळी होतात. बंबाजवळ शेकत बसणं पाहुण्यांना इतकं आवडतं की चहा तिथेच न्यावा लागतो. सांडपाण्याला शोषखड्डा करा आणि तो विहिरीपासून, बोअरपासून लांब ठेवा. दोन्ही बाथरूम, टाकी, खड्डा मिळून माझ्या एकूण खर्चातले निम्मे पैसे इथेच गेले. उरलेल्यात गाद्या, मच्छरदाण्या, इन्व्हर्टर आणि लाइट फिटिंग.

धाब्याचं घर असेल तर ते राखा. मातीचं जाड छत आणि रुंद भिंती यांमुळे दुपारीसुद्धा आतली हवा सहन होते, पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली ते होत नाही. पण धाबं दरवर्षी काम मागतं. पावसाआधी वर खारीचा, म्हणजे खारवट पांढऱ्या मातीचा, थर द्यावा लागतो, पाणी जायच्या वाटा मोकळ्या कराव्या लागतात. तिसऱ्या वर्षी मी बुकिंगच्या नादात खारी टाकायचं पुढे ढकललं. जुलैमध्ये नाशिकचं कुटुंब आलेलं, रात्री दोन वाजता त्यांच्या गादीवर पाणी टपकायला लागलं. त्यांना आमच्या खोलीत झोपवलं, आम्ही ओसरीत बसून रात्र काढली. सकाळी त्यांचे सगळे पैसे परत केले. ते घेत नव्हते, मी घ्यायला लावले. तेव्हापासून खारीची तारीख कॅलेंडरवर लाल शाईनं लिहिलेली असते.

कागदपत्रं या क्रमानं करा

ग्रामपंचायतीपासून सुरुवात करा. घराचा नमुना आठचा उतारा, ना-हरकत दाखला आणि जमलं तर ग्रामसभेत विषय मांडून सगळ्यांसमोर सांगणं. दाखला नुसता सहीनं मिळतो, पण ग्रामसभेत सांगितल्यानं पुढची कुजबुज थांबते.

मग अन्न नोंदणी. घरगुती प्रमाणात जेवण देणाऱ्यांसाठीची छोटी नोंदणी ऑनलाइन होते, मी काढली तेव्हा वर्षाला १०० रुपये शुल्क होतं. छोट्या व्यवसायांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी फुकट आहे. ती करून देतो म्हणून हजार-दीड हजार मागणारे भेटतात, त्यांना देऊ नका. आधार आणि पॅन घेऊन कॉलेजात जाणारी तुमची मुलगी अर्ध्या तासात करेल.

त्यानंतर कृषी पर्यटन केंद्राची नोंदणी. राज्याचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. किमान एक एकर शेती असलेला शेतकरी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करू शकतो. पहिल्या पाच वर्षांचं शुल्क २,५०० रुपये, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण १,००० रुपये. सातबारा, आधार, पॅन, वीजबिल, अन्न नोंदणी आणि चलनाची पावती लागते. आपला जिल्हा नाशिक विभागात, त्यामुळे काम नाशिकच्या कार्यालयातून चालतं. प्रत्यक्ष पाहणी होते तेव्हा घर आवरून ठेवण्यापेक्षा कागदांची फाइल आवरून ठेवा. माझा अर्ज पहिल्यांदा परत आला तो वीजबिलावर सासऱ्यांचं नाव होतं म्हणून. त्यात चार महिने गेले. तुमच्याही घरी मीटर मयत माणसाच्या नावावर असेल तर आजच बदलायला टाका. त्याच खेपेला महावितरणकडे लेखी विचारून घ्या की तुमच्या वापराला कोणता दर लागेल, म्हणजे पुढे दंडाची भानगड नको.

बायांसाठी एक गोष्ट सविस्तर सांगते, कारण ती कोणी सांगत नाही. महिलांच्या पर्यटन व्यवसायासाठी राज्याचं "आई" धोरण आहे. बाईच्या मालकीच्या व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज, १२ टक्क्यांच्या मर्यादेत, सरकार परत देतं. सात वर्षं किंवा साडेचार लाख रुपये व्याज, जे आधी होईल तिथपर्यंत. व्याज आधी आपण वेळेवर भरायचं असतं, मग परतावा येतो. म्हणजे हप्ता चुकवून चालत नाही आणि परताव्याच्या भरवशावर घर चालवताही येत नाही. मालकी खरोखर बाईची पाहिजे. आपल्याकडे अडतं ते इथेच. जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्यांच्या नावावर, आणि बाईच्या नावावर फक्त कष्ट. लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचं नाव सातबाऱ्यावर लावता येतं. आमच्या ह्यांनी ते केलं. तलाठ्याकडे अर्ज द्यायला गेलो तेव्हा दोन ओळखीचे पुरुष हसले होते. त्यातल्या एकाची बायको गेल्या वर्षी माझ्याकडे याच अर्जाचा नमुना मागायला आली.

बाकी गोष्टी पटकन. सेवा व्यवसायाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. येणाऱ्या प्रत्येकाची ओळखपत्राची प्रत आणि रजिस्टरमध्ये सही घ्या, ओळखीचा असला तरी. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते, त्याचं लॉगिन आधीच काढून ठेवा.

दर ठरवताना आपली मजुरी धरा

सुरुवातीला मी माणशी ८०० रुपये घेत होते. माणसं खूश, घर भरलेलं, आणि मार्चमध्ये हिशोब केला तर हातात काहीच नाही. कारण मी माझी आणि ह्यांची मजुरी धरलीच नव्हती. आपल्या शेतीतही आपण हीच चूक पिढ्यान्‌पिढ्या करत आलोय.

आता माणशी १,५०० रुपये घेते. त्यात मुक्काम, दोन जेवणं, नाश्ता, चहा. सहा माणसं असली की ९,००० येतात. जेवणाचा माल माणशी ३०० धरून १,८००. मदतीला येणाऱ्या दोघींचे ९००. धुणं आणि साफसफाई ४००. गॅस, लाइट, जळण ३५०. आम्हा दोघांची मजुरी १,२००. दुरुस्तीसाठी दहा टक्के बाजूला, म्हणजे ९००. एकूण ५,५५०, उरले ३,४५०. आता दोनच माणसं आली असं धरा. जमा ३,०००. माल ६००, एका बाईचे ४५०, धुणं १५०, लाइट-गॅस २००, आमची मजुरी तीच १,२००, दुरुस्ती ३००. झाले २,९००. उरले शंभर रुपये. म्हणून मी चार माणसांपेक्षा कमी असतील तर चार माणसांचे पैसे सांगते, किंवा त्या आठवड्यात दुसरं कुटुंब येत असेल तर त्यांच्या बरोबरीची तारीख देते. हे सांगायला पहिल्यांदा जीभ जड होते. तरी सांगा.

तीस टक्के रक्कम आगाऊ घ्या, त्याशिवाय तारीख धरू नका. एका मध्यस्थानं पहिल्या वर्षी माझ्याकडे चार गट पाठवले, पैसे स्वतःकडे जमा केले आणि शेवटच्या दोन गटांचे मला मिळालेच नाहीत. तेव्हापासून पैसे थेट माझ्या खात्यात. मध्यस्थाला त्याचं कमिशन मी देते.

फोटो खरे टाका. आमच्या घरापर्यंतचा शेवटचा दीड किलोमीटर रस्ता खराब आहे, मी त्याचाही फोटो पाठवते. कमी उंचीची गाडी असलेली माणसं भुसावळहून भाड्याची जीप करतात आणि कोणाची कुरकुर राहत नाही.

दिवसभर काय दाखवायचं

बहुतेकांना फार काही नको असतं. केळी काढायची असेल त्या दिवशी पहाटे त्यांना बागेत न्या. विळा घडाच्या दांड्यावर बसतो, खाली उभा असलेला माणूस घड खांद्यावर झेलतो, त्याला खरचटू न देता बांधावर पानांवर ठेवतो. फण्या वेगळ्या होतात, धुतल्या जातात, गाडी भरते. हाच माल उत्तरेत जातो म्हटल्यावर मुलं ट्रकचा नंबर बघत बसतात. बागेत जाण्याआधी सगळ्यांना जुने शर्ट घालायला द्या. केळीच्या चिकाचा डाग कपड्यावरून जात नाही, आणि हे सांगायचं राहिलं तर नवा कुर्ता तुमच्या नावावर जमा.

फैजपूर दाखवाच. १९३६ च्या डिसेंबरमध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं ते पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू, गांधीजी स्वतः आलेले, आणि मंडपाची सजावट नंदलाल बोस यांनी बांबू आणि गावातल्या साध्या साहित्यातून उभी केली. शाळेच्या सहलीला ही गोष्ट त्याच मातीवर उभं करून सांगितली की मुलं ऐकतात. भाविक मंडळींना तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेवाचं देऊळ आणि मुक्ताईनगरजवळचं कोथळी एका दिवसात होतं. इतिहासाची आवड असलेल्यांना बऱ्हाणपूरला पाठवा. आता ते मध्य प्रदेशात असलं तरी फारुकी सुलतानांच्या काळी खान्देशाची राजधानी तिथेच होती. मुमताज महल १६३१ मध्ये तिथेच वारली. अजिंठा करायचाच असेल तर सोमवार सोडून, सोमवारी लेणी बंद असतात. हे न सांगितल्यामुळे एक कुटुंब माझ्याकडून निघून लेण्यांजवळच्या फर्दापूरहून परत आलं होतं.

पाल आणि सातपुडा हा आपला सगळ्यात मोठा ठेवा, आणि इथेच सगळ्यात जपून वागायला हवं. पावसाळ्यात सुकी धरणावर मोटारसायकलींची गर्दी होते, बाटल्या आणि पत्रावळ्या मागे राहतात. यावल अभयारण्यात माझे पाहुणे जातात ते वनखात्याच्या परवानगीनं, दिवसाउजेडी आणि वाटाड्यासोबत. वाटाडे पालकडचे दोन पावरा आदिवासी तरुण आहेत. त्यांचे पैसे पाहुणे थेट त्यांच्या हातात देतात, माझ्यातून जात नाहीत. कोणतं झाड कशाचं, अस्वलानं कुठे उकरलंय, हे त्यांना दिसतं, आपल्याला दाखवल्यावरही दिसत नाही. त्या ज्ञानाचे पैसे त्यांना मिळायलाच हवेत.

होळीआधीचा आदिवासींचा भोंगऱ्या बाजार बघायला हल्ली शहरातून कॅमेरे घेऊन लोक येतात. कोणीतरी त्यांना सांगितलेलं असतं की इथे मुलंमुली लग्नं जमवतात. तो होळीचा बाजार आहे. माणसं वर्षाची खरेदी करतात, ढोल वाजतात, नातेवाईक भेटतात. मी पाहुण्यांना नेण्याआधी अट घालते: विचारल्याशिवाय कोणाचा फोटो नाही, बायांचा तर नाहीच, आणि बाजारात गेलात तर काहीतरी विकत घ्या. ही अट ज्यांना जाचक वाटते त्यांना मी नेत नाही. एकदा एक गट चिडून निघून गेला, आगाऊ रक्कम परत मागितली, दिली.

गावाला हिस्सा मिळू द्या

सगळं आपल्याच घरातून पुरवायचा मोह होतो. तो आवरा. माझ्याकडे तूप शेजारच्या जाऊबाईंकडून येतं, वांगी दुसऱ्या आळीतून, जीप तिसऱ्याची. बचत गटाच्या बाया उन्हाळ्यात बिबडे, कुरडया, पापड करतात, ते मी ओसरीत मांडते. पाकिटावर करणारीचं नाव आणि किंमत. विकल्यावर पैसे रविवारी संध्याकाळी वाटले जातात, एक रुपया मी ठेवत नाही. खापरावरचे मांडे करायला एक मावशी येतात. उलट्या खापरावर हातानं पसरलेला तो पातळ मांडा टाकताना बघायला पाहुणे चुलीभोवती गोल करून उभे राहतात. मावशींचा एका दिवसाचा दर मजुरीच्या दुप्पट आहे, कारण ती कला आता गावात तिघींकडेच उरलीय. त्यांच्या हाताखाली मी माझ्या भाचीला बसवलंय.

दारू चालणार नाही हे बुकिंगच्या वेळीच सांगा. डीजे नाही, रात्री दहानंतर गाणी नाहीत. गावात चार तरुण पाहुण्यांनी एक रात्र गोंधळ घातला की तुमची पाच वर्षांची पत जाते.

कधी बंद ठेवायचं

एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. सुट्ट्या लागलेल्या असतात, फोन सतत येतात, तरी मी घेत नाही. एका वर्षी घेतलं होतं. दुपारी बारा ते पाच लहान मुलं खोलीत कोंडलेली, बाहेर लू, आणि त्यात चार तास लाइट नाही. फक्त आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तीन दिवस उघडते, तेही माहेर हरवलेल्या लेकींसाठी. झाडाला झोका बांधतो, आमरस-पुरणपोळी करतो, बाया रात्री गौराईची गाणी म्हणतात. याची जाहिरात केलेली नाही. गेल्या वर्षी नऊ जणी आल्या, त्यातली एक ७१ वर्षांची.

आखाजी आटोपली की अंथरुणं उन्हात टाकायची, मच्छरदाण्या धुवायच्या, टाकी उपसायची, बंबाला कल्हई करून घ्यायची. रजिस्टर घेऊन बसायचं आणि कोण दुसऱ्यांदा आलं, कोण आलं नाही, ते बघून न आलेल्यांना फोन करायचा, का आला नाहीत ते विचारायचं. मग मेच्या शेवटच्या आठवड्यात खारीची ट्रॉली सांगायची. आमची यंदा २५ तारखेला येणार आहे. कोणाला खारी कशी पसरतात ते बघायचं असेल तर त्या दिवशी सकाळी सातच्या आत या, उन्हं चढल्यावर धाब्यावर पाय ठेवता येत नाही.